पहिल्या भागातली बाई

माझ्या मैत्रिणीनं लिहिलेल्या गुन्हेमालिकेचा पहिला भाग आला, त्या रविवारी आमच्या सात रस्ता चौकातल्या घरात सकाळपासून लगीनघाई होती. मैत्रीण बार्शीची. कॉलेजची तीन वर्षं हॉस्टेलवर कमी आणि आमच्या स्वयंपाकघरात जास्त राहिलेली. "आपल्या घरचीच पोर हाय," म्हणत आईनं मैंदर्गीहून माझ्या आत्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. दुपारची जेवणं आटोपून आम्ही तिघी टीव्हीसमोर बसलो.

सुरुवात झकास होती. एक माणूस मरतो, सगळ्यांना वाटतं हार्ट अटॅक. घर आमच्यासारखंच, लिंगायताचं. मयताला बसवून पुरायची तयारी चाललेली. आणि ती विधवा, खोलीत कुणी नाही असं बघून, नवऱ्याच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून आपल्या गळ्यात घालते आणि आपलं त्याच्या हातात ठेवते.

मी चटकन आईकडे बघितलं.

आमच्यात ज्याचं लिंग त्याचं. ते माणसाबरोबर मातीत जातं, दुसरं कुणी घालत नाही. पण बाबा गेले तेव्हा आईनं अगदी हेच केलं होतं. त्यांनी रोज सकाळी तळहातावर घेऊन पुजलेलं लिंग मातीत घालायला तिचा जीव होईना. ही गोष्ट तिनं आयुष्यात फक्त मला सांगितली, तीही वर्षभरानं, गळ्याची शपथ घालून. आणि मी शहाणी, एकदा हॉस्टेलच्या गच्चीवर रडत रडत मैत्रिणीला सांगून मोकळी झाले. कुणाला बोलू नकोस म्हटलं, तर म्हणाली, "वेडी आहेस का?"

मालिकेतल्या बाईनं नवऱ्याला विष घातलेलं असतं, आणि लिंगाच्या चांदीच्या डबीत म्हणे लॉकरची किल्ली असते. किल्लीसाठी अदलाबदल. आईनं जे मायेपोटी केलं, ते मैत्रिणीनं किल्लीवर नेऊन ठेवलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते याला.

"शिवा शिवा," आत्या म्हणाली. "कसली बाई म्हणायची ही. नवऱ्याचं लिंग घालून हिंडती, त्याला मुक्ती कशी मिळायची? आपल्यात असती तर उंबऱ्यात उभी केली नसती. व्हय का न्हाय, वैनी?"

आईचा हात पदराखाली गळ्याशी गेला होता.

"व्हय की," ती म्हणाली.

भाग संपल्यावर मी उगाच मोबाईल उघडला. लोक नुसते खूश. कुणी लिहिलं होतं, लिंगाचा क्लू भन्नाट. कुणाला त्या बाईचा थंडपणा बघून अंगावर काटा आला होता. एकानं विचारलं होतं, या लेखिकेला हे सुचतं तरी कुठून? सुचतंय कुठलं डोंबल. तेवढ्यात तिचाच मेसेज आला, आईंना आवडला का?

मी गॅलरीत जाऊन फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. ती शांतपणे म्हणाली, "अगं, मी सगळं बदललंय की. कुणाला कळणार आहे?" खरंच कुणाला कळलं नव्हतं. शेजारी बसून आत्यालासुद्धा नाही. मी फोन कट केला, तिचा नंबर ब्लॉक केला. बावीस वर्षांची मैत्री एका बोटानं संपली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

आत्याला स्टँडवर सोडून परत आले तेव्हा आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सुरूच झाले. आपल्या घरचं खाऊन हे असं करते, विश्वासघातकी मेली, पुन्हा या घरात पाऊल ठेवू देणार नाही.

आई जुडी संपेपर्यंत निवडत राहिली.

"तिला कशाला बोलतीस?" मग ती म्हणाली. "तिला मी कुटं काय सांगितलं हुतं?"