नळीमागचे अक्षर

माही परी मेली तवा तिचा रिपोर्ट चांगला होता.

आज दोन वर्ष झाले.

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली झाली ती. तिच्या पप्पाच्या आन माह्या, दोघायच्याही रक्तात सिकलसेलची बिमारी निम्मी हाय, लेकरात पुरी उतरू शकते. म्हनून लॅबवाल्या शुभांगीताईनं जलमल्या बराबर दवाखान्यातच तिचं रक्त तपासलं.

रक्त नळीत टाकलं. नळीमागं छापील कागद धरला.

"अक्षर दिसते का व?"

मी चौथी शिकलेली. पन मलेही दिसले.

"दिसले म्हनजे सिकलसेल नाई. जाय, पेढे वाट."

वाटले.

चौदा महिन्याची होती. मी सकायी कापूस वेचाले गेलती. दुपारी आली तं पोरीचे ओठ पांढरे. पोट डाव्या बाजूनं टम्म.

सासू म्हने, गॅस झाला असन.

मलेही तसंच वाटलं. रिपोर्ट चांगला होता ना.

गाडी पांढरकवडा सोडून यवतमाळले निघाली, आन पोर माह्या मांडीवरच गेली.

मंग शुभांगीताई नागपूरले ट्रेनिंगले गेली. तान्या लेकरायचं रक्त कसं तपासाचं, त्याचं ट्रेनिंग. वापस आली तं सीधी आमच्या घरी. खालीच बसली.

"नळीची तपासनी तान्या लेकराले चालतच नाई व. मायच्या पोटात असतानीचं रक्त राह्यते त्यायच्यात काही महिने. सिकलसेल असला तरी अक्षर दिसते. मले कोनी शिकवलंच नव्हतं."

सासू बोलली, "आता शिकून आली? माही नात काय तुही पाटी होती?"

ताई उठली नाई. रडत राह्यली.

मी तिले पानी देल्लं. काहून देल्लं, मले माहीत नाई.

औंदा बाबू झाला. ताईनंच त्याच्या टाचेले सुई टोचली. जाड कागदावर थेंब घेतले, वाळवाले ठेवले. मी जवळ गेली तं वरडली, "हात नोको लावू! फुंकू बी नोको!"

कागद नागपूरले गेला.

"चांगलं असलं तं फोन करतो," ताई म्हने. "नसलं तं घरी येतो."

तीन आठवडे मी फोनची चार्जिंग उतरू देल्ली नाई.

आज परीच्या फोटोले हार घालून राह्यली होती.

अंगनात ताईची स्कुटी थांबली.

बाबू दोन महिन्याचा झाला का औषध सुरू, ताई म्हने. रोज. आन रोज डाव्या कुशीले हात लावून पाहाचं, पोट फुगलं का; या बिमारीत तिथं रक्त साचते. तिनं माहा हात धरून बाबूच्या पोटावर ठेवला.

"जगते ना व हा?"

"लवकर तं समजलं," एवढंच म्हने. माह्याकडं पाह्यलं नाई.

मले लय भेव लागून राह्यलं.

परी, तुह्या पोटाले मी असा हात लावून पाह्यलाच नाई.

मी रिपोर्टच पाहत राह्यली.

जाय माही बाई. तुले तुह्या मायची श्रद्धांजली.