साडूंचा गुरुवार

ब्रह्मदेवानं पहिला माणूस घडवून आधी आमच्या साडूंकडे तपासायला पाठवला असता, तर ही पृथ्वी आजही रिकामीच राहिली असती. "पाण्यात टाकला की बुडतोय, झोपला की हाक ऐकू येत न्हाई. माघारी न्या," असं म्हणून त्यांनी ब्रह्मदेवालाच वाटेला लावलं असतं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे चाकणकडच्या शेतकरी घरातले, शिकून इंजिनियर झाले, आणि आता भोसरीच्या एका प्रयोगशाळेत इंटरनेटला जोडलेल्या वस्तू तपासतात. मोबाइलवरून उघडणारी कुलपं, दारावरचे कॅमेरे, हुकूम ऐकणारे दिवे. कंपन्या मोठ्या कौतुकानं पाठवतात आणि साडू त्यांना भाजतात, गारठवतात, हादरे देतात, चोरवाटेनं आत शिरता येतं का बघतात. वस्तू टिकली की यांचं तोंड उतरतं. बंद पडली की गडी खूष!

आमच्या मारुंजीच्या फ्लॅटवर ते जेवायला आले, तेव्हा मी घरात हौसेनं बसवलेला नवा कॅमेरा त्यांना दाखवला. पानं वाढून होईपर्यंत त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर मला माझंच स्वयंपाकघर दाखवलं. त्यात बायको श्रीखंडाचं बोट चाटत होती. "पाव्हणं, खोक्यावर छापलेला पासवर्ड तसाच ठेवलाय तुमी. म्हंजे दाराला कुलूप घालून किल्ली कडीला टांगली की!" बायको त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही. कॅमेरा मात्र तिनं त्याच दिवशी काढायला लावला.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, पण मग सासूबाई पडल्या. त्या निवृत्त शिक्षिका, निगडीला प्राधिकरणात एकट्याच राहतात. न्हाणीघरात पाय घसरला आणि हाक कुणाला ऐकू गेली नाही. शेजारीण फुलं मागायला आली म्हणून कळलं. हाडं वाचली, पण दोघी लेकींनी ठरवून टाकलं, की बंगल्याला कुलूप आणि आई आपल्याकडे. सासूबाईंनी जेवणच सोडलं. नेमकं त्याच सुमारास साडूंच्या प्रयोगशाळेत एक बटण आलं. गळ्यात अडकवायचं, दाबलं की घरातली पेटी इंटरनेटवरून लेकीजावयांचे फोन वाजवणार. बटण पास झालं तर आई तिच्या घरी राहील, एवढ्यावर लेकी राजी झाल्या. सगळ्या परीक्षांत ते उत्तम पास झालं. साडू सही करायला तयार होईनात.

"परयोगशाळेत जनरेटर हाय, पाव्हणं. तिथं लाइट जातच न्हाई. आपल्याकडं गुरुवार असतोय!"

गुरुवार म्हणजे आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी आणि दुरुस्तीसाठी हमखास वीज बंद. त्या गुरुवारी साडू पेटी आणि आम्हा नवराबायकोला घेऊन निगडीला हजर झाले. वीज गेली, आली. साडू न्हाणीघरात आडवे पडले आणि त्यांनी बटण दाबलं. अंगणात माझा फोन ढिम्म. वीज आल्यावर पेटी आधी जागी व्हायची, इंटरनेट सावकाश. तेवढ्यात पेटी वाट बघून कंटाळायची आणि कायमची गप्प बसायची. वर हिरवा दिवा मात्र झोकात चालू!

"नापास," साडू म्हणाले. एखादी वस्तू नापास करताना त्यांचा चेहरा पडलेला मी तेव्हा प्रथमच पाहिला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "जावईबापू, तुमच्या चिकित्सेपायी माझं घर जातंय हो."

"आई, हे बटण खोटं बोलतंय. खोटं बोलणारं तुमच्या गळ्यात न्हाई बांधायचो मी."

बायको म्हणाली, "दाजी, थोडी डोळेझाक करा की!" ते हलले नाहीत. उलट त्या कंपनीच्या इंजिनियरांना पुढच्या गुरुवारी निगडीला बोलावून त्यांनी एकेकाला फरशीवर झोपवलं आणि बटण दाबायला लावलं. सासूबाईंनी त्यांना पोहे दिले. बिचारे पोहे खाऊन, मान खाली घालून गेले आणि पेटी दुरुस्त करून घेऊन आले. पुन्हा गुरुवार, पुन्हा साडू आडवे, आणि अंगणात माझा फोन असा खणखणला की मी आनंदानं ओरडलोच. आत सासूबाई म्हणत होत्या, "उठा आता, फरशी गार आहे."

त्या आजही स्वतःच्याच घरी राहतात. दर गुरुवारी वीज आली की त्या बटण दाबतात, आमचे सगळ्यांचे फोन वाजतात आणि मग गप्पा होतात. साडूही सुट्टीचे तिथे जातात आणि कधी जिन्याखाली, कधी जाईच्या वेलापाशी आडवे होऊन बटण दाबून बघतात. मी एकदा म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, "पेटीची खातरी हाय हो. आई थकाय लागल्यात."

गेल्या गुरुवारी वीज गेलीच नाही. संध्याकाळी तरीही फोन वाजला. मी ताडकन उचलला. "आई, काय झालं? पडलात का?"

"नाही रे बाबा. आज लाइट गेली नाही, म्हणून फोनवर कुणी बोललंच नाही माझ्याशी."

मी काही बोलणार, तेवढ्यात मागून, बहुधा फरशीवरूनच, साडूंचा आवाज आला, "नियमात बसत न्हाई, पाव्हणं. पण पास!"