टाकीतली रामाची जोडी

डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरायचं, तो हात उचलून मांडीवर आणून ठेवायचा आणि त्याच्याकडे बघत म्हणायचं, "हा पॅसेंजर. तिकीट काढून बसलाय, पण उतरायचं नाव नाय."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असं. पोलादपूरच्या त्यांच्या घरात, खिडकीजवळच्या खुर्चीत. मी फिजिओथेरपिस्ट. दवाखाना महाडला, पण ज्यांना येता येत नाही त्यांच्याकडे मी जाते. हे काका निवृत्त एसटी ड्रायव्हर. उभं आयुष्य घाटातल्या गाड्या चालवण्यात गेलेलं, आणि निवृत्त होऊन जरा कुठे घरात रमतायत तोच अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं वाचलं, आणि आवाज तर असा वाचला की शेजारच्या आळीतल्या लोकांनाही त्यांची तब्येत रोज कळायची.

कुठलंही काम सांगितलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "थांबा, आधी गिअर पडू दे." पाणी प्यायला सांगा, उभं राहायला सांगा, जेवायला बोलवा, गिअर पडल्याशिवाय गाडी हलायची नाही.

पायाचे व्यायाम त्यांनी नेटाने केले. कारण उघड होतं. मोरीपर्यंत स्वतःच्या पायांनी जायचं होतं. दिवाळीनंतर ते काठी घेऊन घरातल्या घरात फिरायला लागले. पण हाताचं नाव काढलं की चेहरा बंद. मी दाबायला रबरी चेंडू दिला, तो त्यांनी डाव्या हाताने खिडकीतून अंगणात भिरकावला. कोंबड्या ओरडत पळाल्या. रंगीत खुंट्या दिल्या, त्यांच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"ह्या हातानं स्टिअरिंग धरलंय, डॉक्टरबाय," ते म्हणाले. "आता काय पोरांचा बॉल दाबू?"

तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, तर तुम्हाला माहीत असेल. अशा दुखण्यात हाताला वेळेवर हलवलं नाही तर तो आखडत जातो, बोटं मिटत जातात आणि मग उघडत नाहीत. मी हे त्यांना सांगितलं. गोड बोलून सांगितलं, रागावून सांगितलं. काकी दाराशी उभ्या राहून पदराचं टोक पिळत ऐकायच्या. काका खिडकीबाहेर बघायचे.

मुलगा मुंबईला असतो. तो होळीला आला तेव्हा बापाचा वेळ जावा म्हणून काचेची दोन फुटी टाकी आणि त्यात घालायला रंगीबेरंगी मासे घेऊन आला. दुकानदाराने जे हाताला लागलं ते पिशवीत भरून दिलेलं. त्यातला एक पट्टेरी मासा महागुंड निघाला. त्याने थोड्याच दिवसांत एकाची शेपटी खाल्ली, दुसऱ्याला कोपऱ्यात दाबून मारला. मी गेले तेव्हा काका संतापाने लाल झाले होते.

"एवढ्याशा जागेत हा असला माणूस घ्यायचा कशाला?" ते टाकीकडे बोट दाखवून ओरडले. डाव्या हाताचं बोट. "गाडीत शिरला असता तर मी त्याला वाटेत उतरवला असता."

तो मासा आणि उरलेलेही त्यांनी कुणाकुणाला देऊन टाकले. मग मला म्हणाले, "महाडला दुकान हाय ना शोभेच्या माशांचं? त्याला इचारा. शांत मासा पायजे. पण नुसताच इकडून तिकडं फिरणारा नको. जरा डोळ्यांत ओळख पायजे."

दुकानदाराने माझं ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाला, "मग बुटके सिक्लिड द्या त्यांना. ह्या जातीचे मोठे मासे भांडखोर असतात, पण बुटक्यांत रॅम म्हणून एक प्रकार आहे. जोडीने राहतो. कुणाच्या वाटेला जात नाही. माणूसही ओळखतो." मग त्याने अटी सांगितल्या. पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं हवं, उबदार हवं. आणि टाकी महिनाभर माशांशिवाय चालवायची, म्हणजे त्यांची घाण पचवणारे जंतू आधी फिल्टरमध्ये तयार होतात.

हे फोनवर ऐकून काका म्हणाले, "बरोबर हाय. आधी गिअर पडू दे."

तो महिना बघण्यासारखा होता. टाकीत सावित्रीच्या पात्रातली धुतलेली वाळू, दोन चपटे दगड, एक उपडी करवंटी, थोडी पाणवनस्पती. आणि मासा एकही नाही. काका खुर्ची ओढून तासन्‌तास समोर. त्यांच्या गाडीवरचे जुने कंडक्टर उमरठला राहतात, ते अधूनमधून भेटायला यायचे. त्यांनी चष्मा पुसून पुसून टाकीत पाहिलं.

"मासे कुठायत रे?"

"यायचे हायत."

"मग बघतोस काय?"

"पाणी तयार होतंय, ते बघतोय."

कंडक्टर काकींकडे वळून हळूच म्हणाले, "वहिनी, डोक्याला पण झटका आला काय?" पण मऊ पाण्याचं कळल्यावर त्यांनीच त्यांच्या घराजवळच्या झऱ्याचं पाणी कॅन भरून आणायला सुरुवात केली. एसटीच्या सीटखाली कॅन ठेवून. पहिली खेप आणली तेव्हा विचारलं, "मासा केवढा होणार?" काकांनी अंगठा दाखवला. कंडक्टर खिन्न झाले. "मग कालवण एकालाच पुरंल."

मी महाडहून पिशवीत जोडी घेऊन गेले. वर फिरायला निऑन टेट्रा नावाचे थोडे इवलेसे मासे, बस्स. आणखी गर्दी करायला काकांनी साफ नकार दिला. रॅम तुम्ही पाहिला नसेल तर सांगते. पिवळसर तोंड, डोळ्यातून उभी काळी रेघ, पाठीवर ताठ काळा तुरा आणि अंगभर निळे ठिपके, उन्हात चमकी सांडल्यासारखे. मादीच्या पोटावर गुलाबी छटा. काकींनी नाव ऐकलं आणि हात जोडले. "राम?"

"रॅम गो, रॅम."

"तेच की. राम." त्या दिवसापासून त्या घरात ती रामाची जोडी झाली.

खायला घालायचे दाणे मोहरीपेक्षा बारीक. डाव्या हाताने काका भसकन टाकायचे, मग उरलेलं कुजून पाणी गढूळ व्हायचं. मी म्हटलं, "उजव्या हाताने घाला. त्या बोटांत मावेल तेवढंच पुरे."

त्यांनी माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "ही तुमची आयडिया हाय."

"हो. माझीच."

"बॉलसारखी."

"बॉलसारखीच. पण बॉलला भूक लागत नाही."

ते टाकीकडे वळले. काचेपलीकडे नर तुरा उभारून त्यांच्याकडेच बघत होता. काकांनी उजवा हात उचलून काठावर ठेवला. बोटांत थोडे दाणे घेतले. निम्मे दाणे जमिनीवर, निम्मे पाण्यात. घरात मुंग्या झाल्या. काकी झाडून झाडून दमल्या, पण दाण्यांचा डबा काकांच्या हाताशीच ठेवायच्या.

मेच्या उकाड्यात त्या जोडीने चपट्या दगडावर अंडी घातली. काकांचा फोन आला तेव्हा मला वाटलं काही बरंवाईट झालं, एवढा मोठा आवाज. मी पोचेपर्यंत अंडी नाहीशी झाली होती. आई-बापांनीच खाल्ली होती. काका माझ्याशी धड बोलले नाहीत. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "टाकीत वाढलेले रॅम पिल्लं सांभाळायचं विसरलेत हो. दहाजण प्रयत्न करतात, एखाद्याला जमतं." जूनमध्ये पुन्हा अंडी, त्यांच्यावर पांढरी बुरशी. त्या दिवशी काकांनी दाणे काकींना टाकायला सांगितले आणि हात पुन्हा मांडीवर जाऊन बसला. मला त्याचीच धास्ती होती.

जुलैत तिसऱ्यांदा अंडी घातली, आणि ह्या वेळी ती फुटली. आई-बापांनी वाळूत खळगे केले आणि वळवळणारे जीव तोंडात धरून एका खळग्यातून दुसऱ्यात नेऊन ठेवले. मग एके दिवशी धुरासारखा पुंजका वर उठला आणि पोहायला लागला. काकांनी मला फोनवर हे सगळं कुजबुजत सांगितलं. ते कुजबुजू शकतात हे मला तेव्हा कळलं.

आणि नेमका त्याच आठवड्यात पाऊस चढला. महाडजवळच्या तळीये गावावर दरड कोसळल्यापासून इकडच्या डोंगरातल्या माणसांना जुलै नीट झोपू देत नाही. वीज गेली, फोन गेले, महाड-पोलादपूर रस्त्यावर माती येऊन वाहतूक थांबली. मी दवाखान्यात बसून त्या घराचा विचार करत होते. वीज नाही म्हणजे हीटर नाही, हवेचा पंप नाही. जीव वाचेल माशांचा? आणि ते मेले तर ह्या माणसाचं काय? तिसरा फटका ते सोसतील असं मला वाटत नव्हतं.

रस्ता मोकळा झाला त्याच दुपारी मी निघाले. घरात शिरले तर टाकी तीन बाजूंनी गोधडीत गुंडाळलेली. पाण्यात गरम पाण्याच्या बाटल्या तरंगत होत्या. स्वयंपाकघरात काकी आधण ठेवत होत्या. आणि काका स्टुलावर बसून फुलपात्र पाण्यात बुडवत होते, वर उचलत होते आणि उंचावरून हळूच धार सोडत होते. बुडवायचं, उचलायचं, ओतायचं. पंप बंद, म्हणून पाण्यात हवा घालणं चाललं होतं.

"जिवंत हायत," माझ्याकडे न बघताच ते म्हणाले. "सगळी नाय, पण हायत. बगा बगा, बाप कसा अंगावर येतो!"

फुलपात्र पाण्यात शिरलं की तो एवढासा नर तुरा ताठ करून त्याच्यावर चालून जायचा. मागे मादी, आणि तिच्या पोटाखाली पिल्लांचा पुंजका.

मी मात्र फुलपात्राकडे बघत होते. कोपर वर जात होतं. मनगट वळत होतं. बोटं भांड्याच्या कडेला घट्ट धरून होती. जे मी वर्षभर विनवण्या करून मागत होते, ते माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं, जणू कधी थांबलंच नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "कुठल्या हाताने ओतताय?"

ते थांबले. हाताकडे पाहिलं. पाण्याचे थेंब फुलपात्रावरून टाकीत गळत होते. काकी आधणाचं भांडं तसंच ठेवून दारात आल्या.

"डावा भरून आला होता," ते सावकाश म्हणाले. "मग कधी बदलला... कळलंच नाय."

त्यांचे ओठ हलले. मला वाटलं आता रडतील. पण तेवढ्यात नराने पुन्हा फुलपात्राला टक्कर मारली, आणि काका मोठ्याने हसले, घर दणाणेल असे. "बगत काय ऱ्हायलात? पोरं गुदमरतील!" आणि तोच हात पुन्हा पाण्यात गेला. काकी तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून हुंदके देत हसायला लागल्या. मी पर्स कोपऱ्यात टाकली आणि आधणाचं भांडं उचलून आणलं.

वीज आली. पिल्लं वाढली. बाटलीत मिठाच्या पाण्यात कोळंबीसारख्या बारीक जिवांची अंडी उबवून जिवंत खाद्य तयार करायचं आणि ड्रॉपरने पुंजक्याजवळ सोडायचं, हे काम काका करू लागले. ड्रॉपरचं रबर दाबायला जी चिमूट लागते ना, ती परत आणायला आम्हा लोकांना घाम फुटतो. ती चिमूट महिनाभरात परत आली. सप्टेंबरात महाडचा दुकानदार स्वतः बघायला आला. आई-बापांच्या मागे रांगेने फिरणारी, अंगावर निळी चमक धरू लागलेली पिल्लं पाहून तो टाकीसमोर उकिडवाच बसला. त्याने व्हिडिओ काढला, शौकिनांच्या ग्रुपवर टाकला. मुंबई-पुण्याहून फोन यायला लागले.

"कुठे? पोलादपूरला? आई-बापांनी वाढवली?"

"होय, पोलादपूरला!" काका असे ओरडायचे की फोनची गरजच नसावी.

कंडक्टरांनी आता कालवणाचं नाव टाकलं होतं. त्यांनी स्वतःसाठी टाकी घेतली आणि काकांनी शिकवल्याप्रमाणे महिनाभर रिकामं पाणी बघत बसले.

परवाच्या दिवाळीआधी मी नेहमीसारखी काकांकडे गेले. खुर्ची रिकामी. कोपऱ्यातली काठीही नव्हती. मी काकींना हाक मारली. काकी मागल्या दारातून आल्या.

"गेलंत."

"कुठे?"

"उमरठला, पिल्लं द्यायला. एसटीनं. एकलंच!" त्यांचा चेहरा फुलून आला होता. "मी येते म्हटलं तर अंगावर आले. मग काय, मीच गेले मागनं गुपचूप. स्टँडवर पानाच्या टपरीआड उभी ऱ्हायले. ड्रायव्हर खाली उतरला त्यांना चढवायला, तर त्याला म्हणाले, तू तुझ्या सीटवर जा. पिशवी डाव्या हातात, आणि उजव्या हातानं दांडा धरला, डॉक्टरबाय. उजव्या हातानं! चढले. गाडी सुटंपर्यंत अख्खी गाडी गप."

त्या मला बसवून घेऊन चहा करायला गेल्या. मी टाकीसमोर बसले. आज मला कुणाचा हात धरायचा नव्हता, काही मोजायचं नव्हतं. संध्याकाळची गाडी येईपर्यंत थांबावं असं ठरवलं.

गाडी आली, काका आले नाहीत. फोन आला. आवाज मला सहज ऐकू येत होता. पिल्लं नव्या पाण्यात बुजलीत, त्यांना सोडून कसं येऊ, मी आज इथंच राहतो.

"राहतो म्हंजे?" काकी फोनवर कडाडल्या. "गोळ्या घेतल्यात का? अंगावर पांघरायला काय? नोकरीत असताना रोज कुठं तरी मुक्काम, आता पन हेच! मी इथं भात टाकून बसू, आणि तुम्ही आपले—"

पुढचं काही त्यांना बोलता येईना. फोन कानाला तसाच धरून त्या हसत सुटल्या होत्या.