पडद्याची पापणी

लेखन हा माझा प्रांत नव्हे. आयुष्य सोयाबीनच्या पेंडीत किती तेल राहिले हे तपासण्यात गेले. निवृत्ती जवळ आली असताना लेखणी हाती धरावी हे धाडसच आहे, आणि वाचकांनी ते सांभाळून घ्यावे. ज्यांच्याविषयी लिहायचे, त्यांची परवानगी घेण्याची सोयही आता उरलेली नाही. तरीही लिहिते, कारण त्यांचा एक प्रश्न माझ्यापाशी राहून गेला आहे, आणि तो एकटीने वागवणे मला जड जाते.

प्रश्न साधा होता. रोज सकाळी दहाच्या सुमारास प्रयोगशाळेतला फोन वाजे. उचलला की पलीकडून ना नमस्कार, ना चमत्कार. थेट विचारणा येई.

"बाई, पापणी लवती का?"

मी काचेपलीकडच्या संगणकाकडे पाही आणि सांगे, "लवते, सर."

"बरं," एवढे म्हणून ते फोन ठेवीत.

लातूरहून मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा तेलाचा कारखाना आहे. सोयाबीनमधून तेल काढण्यासाठी तेथे पेट्रोलसारखे एक द्रावक वापरतात. ते तापवावे लागते. त्याची वाफ नळ्यांतून गेली तर सारे सुरळीत. शेडमध्ये पसरली तर एक ठिणगी पुरते. म्हणून टाकीची उष्णता अखंड मोजणारा एक संगणक ठेवलेला होता, आणि मर्यादा ओलांडली की वाजणारा एक भोंगा. या दोहोंना जोडणारा प्रोग्राम सरांनी लिहिला होता. ते मूळचे बिलोलीचे. नांदेडला संगणकाचे वर्ग घेत आणि आमच्याकडे गरजेनुसार एसटीने येत.

तो संगणक तेव्हाही जुनाट गणला जाई. सेन्सरच्या तारा ज्या कार्डाला जोडल्या होत्या, ते कार्ड नव्या यंत्रांत बसत नसे. म्हणून ते यंत्र राहिले, लिहिलेला प्रोग्राम तपासून यंत्राला समजेल असा करणारा, त्यातला निळ्या पडद्याचा जुना कंपायलर राहिला, आणि तो जाणणारे सरही राहिले. माउसला ते कधी शिवले नाहीत. खुर्चीत बसले की आधी रुमालाची चौघडी करून कीबोर्डवरची पेंडीची धूळ पुसत, आणि प्रोग्राम चालवण्याची कळ दाबण्यापूर्वी डावा तळहात वर करीत. खोलीतील सर्वांनी गप्प व्हावे, असा त्याचा अर्थ. आम्ही होतही असू.

आमच्या नव्या लेखनिकाने एकदा हौसेने त्यांच्यासमोर एक छोटा प्रोग्राम लिहिला. कंपायलरने पडदाभर चुका दाखवल्या आणि बिचारा कानकोंडा झाला. सर चष्मा सावरीत म्हणाले, "घाबरू नका. चूक एकच हाय. बाकीच्या तिच्या मैतरणी हायेत, संगं आल्यात." आणि खरोखरच, वरच्या ओळीत एक अर्धविराम टाकताच सगळ्या निघून गेल्या. नव्या कंपायलरांविषयी त्यांचे मत एका वाक्यात होते: "ते लई बोलतेत. ह्यो कमी बोलतो, पर तोंडावर बोलतो."

त्यांच्या वर्गाचा पहिला नियम कोणाही विद्यार्थ्याने झोपेत सांगितला असता. प्रोग्रामच्या आरंभी पडदा पुसायचा. त्या जुन्या कंपायलरची खोड अशी, की मागच्या वेळचे उत्तर तो पडद्यावर तसेच राहू देई. आजचा प्रोग्राम काहीच न छापता मिटला, तरी कालचे बरोबर उत्तर समोर दिसे आणि विद्यार्थी खुशीत घरी जाई. सरांना या गोष्टीची एवढी धास्ती होती, की दुसऱ्यांदा चहा आला तर ते कप विसळून आणायला लावत. "पाटी पुसल्याबिगर लिहू न्हाई," असे म्हणत, आणि आम्ही हसत असू.

कारखान्याच्या प्रोग्राममध्येही त्यांनी तेच केले होते. प्रत्येक फेरीला पडदा पुसला जाई, टाकीची उष्णता नव्याने लिहिली जाई आणि तिच्याखाली 'ऑल ओके' ही अक्षरे उमटत. त्यामुळे पडदा सारखा किंचित मिचके. "ही याची पापणी," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. "लवती तवर जिता हाय."

पुढे नवे मॅनेजर आले. माणूस सभ्य, बोलणे मृदू. बाहेरून पाहुणे येतात, तो मिचकणारा पडदा बिघडल्यासारखा दिसतो, तेवढे थांबवता येईल का, असे त्यांनी विचारले. सर नाही म्हणाले. साहेबांनी हसून पुन्हा विचारले, चहा मागवला, सरांच्या विद्वत्तेची वाखाणणी केली. यंत्रासमोर ताठ बसणारा हा गृहस्थ माणसांसमोर मात्र फार संकोची होता. त्यांनी पडदा पुसणारी ओळ काढली. नवी अक्षरे जुन्यांवरच उमटू लागली. पडदा स्थिर झाला आणि सर्वांना बरे वाटले. त्या दिवशी सरांनी दुसरा चहा घेतला नाही.

दिवाळीच्या सुमारास माल भरभरून येतो. अशाच एका दुपारी टाकीवरचा ऑपरेटर बालाजी माझ्या दारात येऊन उभा राहिला. हा लोह्याकडचा, सहसा कशाने न बिचकणारा मनुष्य. तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, टाकीजवळ तापानं उभं राहवंना. भोंगा कामून गप हाय?"

मी पडद्याकडे पाहिले. 'ऑल ओके' होते. वर उष्णतेचा आकडा होता, मर्यादेच्या पुष्कळ खाली. तोच आकडा सकाळी मी रजिस्टरमध्ये उतरवला होता. दशांशानेही हललेला नव्हता. प्रोग्राम केव्हाच अडकला होता. आम्ही सगळे दुपारी बसून सकाळ पाहत होतो.

बालाजीने धावत जाऊन टाकी तापवणाऱ्या वाफेचा कॉक हाताने बंद केला, माणसे बाहेर काढली. कोणाला काही झाले नाही. शेडमध्ये बराच वेळ द्रावकाचा गोडसर वास राहिला, आणि बाहेर उभ्या माणसांपैकी कोणीही खिशातली काडेपेटी काढली नाही, हे मला अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी सर आले. कीबोर्ड न पुसताच बसले. जुन्या कंपायलरात प्रोग्राम एकेक ओळ थांबवत चालवता येतो. प्रत्येक ओळीला कोणत्या चलात काय आहे, ते पाहता येते. तसे त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिले. सेन्सर विचारल्यास उत्तर देई, आकडा बदले, खोटी उष्णता दिली की भोंगा कान फाडून वाजे. चूक कोठेच नव्हती. मग त्यांनी प्रोग्राम मोकळा सोडला. तो दिवसभर नीट चालला आणि दुसऱ्या दिवशी भर सकाळी पुन्हा अडकला.

"सर, काय झालंय त्याला?" बालाजीने विचारले.

"बोट धरून नेलं की नीट चालून राहिला," सर पडद्याकडेच पाहत म्हणाले. "सोडलं की कुठं बसतो, कळंना."

सेन्सर उत्तर देण्याआधी प्रोग्राम पुढचे विचारतो आणि मग दोघे एकमेकांची वाट पाहत राहतात, असा त्यांचा तर्क होता. त्यांनी मध्ये क्षणभर थांबण्याची ओळ घातली. अडकणे विरळ झाले. संपले नाही. ते विरळ झाल्याचे साहेबांना समाधान वाटले; सरांना त्याचीच अधिक भीती वाटू लागली.

चूक सापडेपर्यंत कारखाना बंद ठेवावा, असे त्यांनी साहेबांना सांगितले. फाटकाबाहेर मालाच्या गाड्यांची रांग लागली होती. साहेब नेहमीच्या मृदू स्वरात म्हणाले, पापणी परत लावून घ्या, आणि कोणीतरी लक्ष ठेवा. सरांनी पडदा पुसणारी ओळ परत घातली. लक्ष ठेवणारे कोणीतरी ते स्वतःच झाले. नांदेडचे वर्ग बंद ठेवून तो हंगाम ते त्या खुर्चीत बसले. जेवणाच्या वेळी मला बसवत, आणि जेवतानाही मान वळवून पाहत.

एकदा बालाजीने घरून भाकरी आणि ठेचा आणला. डबा त्यांच्यापुढे उघडत म्हणाला, "सर, तुमी हितं बसलाव म्हणून आमी आत जातो. न्हाईतर गेलो नसतो."

तो चांगल्या मनाने बोलला होता. सरांनी भाकरीचा तुकडा मोडला, हातात धरला आणि परत डब्यात ठेवला.

हंगाम सरला आणि सर छातीच्या उपचारासाठी नांदेडला गेले; पडद्यावर लक्ष ठेवणे माझ्याकडे आले. तेव्हापासून तो दहाचा फोन सुरू झाला. एका सकाळी मी सांगितले, "सर, आज थांबली होती. मी घंटा दिली, माणसे बाहेर आली, पुन्हा सुरू केला."

"म्हणजे हाय अजून त्यो दोष," ते म्हणाले.

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी फोन वाजला नाही. मी वाट पाहिली, मग कोणी न विचारता उठले आणि पडद्याकडे पाहिले. पापणी लवत होती. सर पहाटेच गेल्याचे त्यांच्या मुलीने दुपारी कळवले.

यंदा जुना संगणक भांडारात गेला. त्याच्या जागी भिंतीवर एक देखणे पॅनेल आले आहे. त्यात एक हिरवा दिवा अखंड तेवतो, मिचकत नाही. बसवायला आलेल्या तरुण इंजिनियरांना मी भीत भीत विचारले, आतले यंत्र अडकले, तर हा दिवा काय करतो? ते सौजन्याने म्हणाले, "मॅडम, आता तसं होत नाही."

दहा वाजता मी अजून उठते. बालाजी शेडमध्ये शिरण्यापूर्वी काचेपाशी थांबतो आणि विचारतो, "ताई, हाय न्हवं?" मला त्याला काहीतरी उत्तर द्यावे लागते, आणि तो ते ऐकून आत जातो. माझ्यासमोर फक्त तो दिवा असतो. तो आत्ताचा आहे की सकाळचा, हे तुम्ही कशावरून सांगाल?