थंडोबाचा हात

काचांच्या दुकानात सगळे त्याला थंडोबा म्हणत. गिऱ्हाईक अंगावर धावून येवो की काचांची गाडी उलटो, याचा चेहरा मख्ख. काच कापणाऱ्याला असाच स्वभाव हवा, असं मालक कौतुकाने सांगायचे. हिऱ्याची कलम काचेवर एकदाच फिरते. मध्येच हात अडखळला की काच वाकडी तडकते, मग हळहळून उपयोग नसतो.

पण हा स्वभाव जन्मापासूनचा नव्हता, कमावलेला होता. लहानपणी वडिलांचा पारा चढला की हाताला लागेल ती वस्तू खिडकीतून बाहेर जायची. मग काचवाला नवी काच बसवायला यायचा. तो इतक्या वेळा यायचा की शेजारी त्याला घरचा जावई म्हणत. मुलगा त्याच्याजवळ बसून बघत राही. घरात मोडलेलं नीट करणारा तेवढा एकच माणूस त्याला ठाऊक होता.

आई गेल्यावर घर सोडून तो त्या काचवाल्याच्याच हाताखाली लागला. कापायचा छान, पण मागे कुणी आवाज चढवला की हात लटपटे.

"बापाला मानगुटीवर घेऊनच आलास की," काचवाला म्हणाला.

तेव्हापासून काम संपलं की तो कलम आणि काचेचे फुटके तुकडे घेऊन शेजारच्या पत्र्याच्या कारखान्याच्या दारात बसू लागला. आत हातोडे पडायचे, मुकादम शिव्या घालायचा आणि हा रेघा ओढत राही. बोटं चिरली, पण हात सुधारला. पुढे ठरत आलेलं लग्न मोडलं. याला राग येत नाही तसा आनंदही होत नाही, असं मुलीने कळवलं. त्याच्या खोलीत खुर्ची एकच होती. दुसरी लागते, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नाही.

मग एकदा थोरल्या बहिणीचा, ताईचा निरोप आला. बाबांनी काठीने खिडकी फोडली होती. परक्याला बोलावलं तर त्याच्यावरही काही भिरकावतील, तेव्हा तूच ये, म्हणाली.

इतक्या वर्षांनी त्या घराचा जिना चढताना त्याने मनाला बजावलं, काही होवो, इथे हात हलू द्यायचा नाही. माप घेऊन त्याने काच टेबलावर आडवी टाकली. मागून बाबांचं सुरू झालंच. घर सोडून पळाला, आता उपकार करायला आलाय. आवाज म्हातारा झाला होता, शब्द तेच होते. त्याने कलम टेकवली. रेघ तारेसारखी सरळ निघाली.

बाबा बोलता बोलता थांबले. काठी टेकत जवळ आले आणि वाकून पाहू लागले.

"जपून रे," ते हळूच म्हणाले, "बोट कापेल."

कलम घसरली. काच तिरकी तडकली. या आवाजाचा सराव त्याने कधी केलाच नव्हता.

बाबा दचकून मागे सरले. "मी काही केलं नाही हं."

"नाही बाबा. माझ्याच हातून झालं."

जास्तीची एक काच तो नेहमी बरोबर ठेवी. आजवर ती कधी लागली नव्हती. त्याने बाबांना खुर्ची दिली, ती काच टेबलावर घेतली आणि हात स्थिर व्हायची वाट पाहत उभा राहिला. बराच वेळ लागला. तोवर बाबाही गप्प बसून होते.