भरलेली बाटली

शिबिराचा नियम एकच: स्वयंसेवकानं मागे राहायचं. मुलं नकाशा बघून वाट शोधतील, चुकतील, भांडतील. आपल्या तोंडाला कुलूप. धुळ्याच्या ऑफिसात दिवसभर बडबडणाऱ्या माझ्यासारखीला ही शिक्षाच. तरी परीक्षा संपल्या की मी हौसेनं सातपुड्याच्या पायथ्याला जायची. कॉलेजच्या पोरी घाबरत डोंगर चढतात आणि उतरताना मोठमोठ्यानं बोलायला लागतात, ते बघायला मला आवडायचं.

त्या वर्षी माझ्या गटात सगळ्या मुलीच होत्या. त्यातली एक सावद्याची, केळीवाल्या शेतकऱ्याच्या घरची. एकटीनं बाहेर मुक्कामाला आलेली त्यांच्या घरातली ती पहिलीच पोर. तिचे आबा मोटारसायकलवर सोडायला आले होते. म्हणाले, "ताई, पोरीले सांभाळजा बरं. घरात सगळे नाही म्हणत होते, म्या हो म्हटलं." मी म्हटलं, "आबा, बिनघोर जा." बोलायला काय जातं!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, उतारावर, ती भलतंच बोलायला लागली. "अक्का, बैल सोडले का?" कुठले बैल? कपाळाला हात लावला तर तवा. घामाचा थेंब नाही. ती खाली बसली आणि बसल्या जागी आडवी झाली. फोनला रेंज नाही, शिबिरप्रमुख सर मुलांच्या गटाबरोबर पलीकडच्या टेकडीवर. तिची बाटली उघडली तर गळ्यापर्यंत भरलेली. सकाळी भरली होती, तशीच.

"पाणी का नाही प्यायली ही?" मी ओरडले. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. "दाखवा तुमच्या बाटल्या!" सगळ्यांच्या जवळजवळ भरलेल्याच. दर थांब्यावर मी "पाणी प्या गं" म्हणत होते आणि या नुसते ओठ ओले करत होत्या. शेवटी एक म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं ना, अक्का. मुलं वरून बघतात."

राग कुणाचा करावा तेच कळेना. आमच्याकडची बाई एसटीत बसायच्या आधी पाणी पीत नाही. मीही पीत नाही. शाळेपासूनची सवय: घरून कोरड्या घशानं निघायचं आणि डोकं धरून परत यायचं. शिबिराआधीच्या बैठकीत मी सरांना म्हटलं होतं, मुलींसाठी आडोसा करा. ते हसून म्हणाले, "मॅडम, एवढं जंगल पडलंय की!" पडलंय ना, तुमच्यासाठी!

"दोन घोट तुम्ही प्या, बाकीचं हिच्या अंगावर ओता," मी म्हटलं. पोरींनी कुणी न सांगता ओढण्या सोडल्या, काठ्यांना बांधून झोळी केली. तो मागे राहायचा नियम गेला खड्ड्यात, मी पुढचं टोक खांद्यावर घेतलं. खाली केळीच्या बागा दिसत होत्या आणि मेल्या जवळ येतच नव्हत्या. मी काही देव देव करणारी नाही, पण अख्खा उतार "मुक्ताई, हिला ठेव, मुक्ताई, हिला ठेव" एवढंच तोंडात होतं. डोळ्यांपुढून आबा हलेनात.

बागेत माणसं केळी भरत होती. त्यांनी ठिबकची नळी उपसून तिच्या अंगावर पाणी सोडलं, पिकअपमधले घड उतरवून ओली पानं अंथरली आणि तिला थेट दवाखान्यात पोचवलं.

सलाईन लागलं. रेंज येताच मी आबांना फोन केला होता, तेही येऊन पोचले. ऊन कलता कलता तिनं डोळे उघडले, आबांना ओळखलं. पण डॉक्टरांचा चेहरा सैल होईना. म्हणाले, "लघवी झाली पाहिजे. नाही झाली तर किडनीचं काही सांगता येत नाही, जळगावला हलवावं लागेल."

आबा टोपी हातात घेऊन बाकावर बसले होते. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी घटकेघटकेला तिला विचारायची, "लागली का गं?" ती मान हलवायची. नाही. दुसरी बाटली लावली, तरी नाही. माझा धीर सुटला. "अगं बाई, कर ना गं! पाया पडते तुझ्या!"

तेव्हा तिनं मला खाली वाकायची खूण केली. कानात म्हणाली, "मघाच लागली, अक्का. पण दवाखान्यातल्या मावशीले विचारलं म्या. संडासच्या दाराले कडी नाही म्हणे."

मी तिला धरून उठवलं. ती आत गेली. सलाईनची बाटली दाराच्या फटीतून उंच धरून, दाराला पाठ लावून मी उभी राहिले. व्हरांड्यातून माणसं जात-येत होती. "अक्का, आहे ना?" "आहे गं, हलत नाही." मग आतून आवाज आला आणि मी उभ्या उभ्या ढसाढसा रडले.

खाटेवर आणून मी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला. तिनं तो हातात घेतला, पण ओठाला लावला नाही.

"रात्रभर थांबशील ना अठी?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं, तेव्हा कुठे ती प्यायली.