बीजगणिताचा कौल

इंग्रजी चौथी म्हणजे तेव्हा हायस्कुलाचं पहिलं वर्ष. त्या वर्गात पाऊल टाकलं की शाळा एक कागद घरी धाडायची: मूल पुढं काय होणार, कॉलेजात जाणार का, त्यासाठी विषय कुठले घेणार. खाली वडिलांची सही. आमच्या घरी असे दोन कागद आले, एक माझा आणि एक थोरल्या भावाचा. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण इंग्रजी तिसरीवर त्याचा इतका जीव की तिथून पाय निघेना. तेवढ्यात मी मागून येऊन त्याला गाठलं.

त्याच्या कागदावर आठवडाभर खल चालला. अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सोलापुरात ज्वारीची आडत होती. त्यांना घरात बॅरिस्टर हवा होता. काका कोर्टात बेलीफ, म्हणून ते स्वतःला कायदेपंडित समजत आणि मान डोलवत. मामा मुद्दाम मंगळवेढ्याहून आले आणि डॉक्टरच करा म्हणून अडून बसले, कारण त्यांना संधिवात होता. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो कोपऱ्यात शेंगा फोडत बसला होता. त्याला साधं त्रैराशिक येत नव्हतं, पण विचारतो कोण!

माझा कागद फळीवर पडून होता. मुलींना बीजगणित-भूमितीऐवजी शिवण घ्यायची सवलत होती. सवलत म्हणे! शिवण घेतलं की डॉक्टरकीचं दार कायमचं बंद. आणि मला डॉक्टर व्हायचं होतं. अव्वाच्या, म्हणजे माझ्या आईच्या, दोन बाळंतपणांत सुईणीनं काय हाल केले ते मी दाराआडून ऐकलं होतं. अप्पांना सांगितलं तर ते हसले. शिवण बरं, सासरी उपयोगी पडतं, म्हणाले.

शेवटी अप्पांनी आमच्याकडचा नेहमीचा मार्ग धरला. लग्न असो की विहीर, पेठेतल्या देवीला कौल लावायचा. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायचा आणि आपण प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बॅरिस्टर होईल का? डावी. डॉक्टर? डावी, आणि तीही तडक. देवीला पोराची पारख घरच्यांपेक्षा बरी होती. गुरव मात्र बेरकी. देवीला इंग्रजी हुद्दे कळत नाहीत, सोपं विचारा, म्हणाला. मग 'मोठा साहेब होईल का' असं विचारलं. या खेपेला त्यानं उजवी पाकळी अशी कोरडी ठेवली की हात काढायच्या आत ती खाली. अप्पांनी त्याला तिथल्या तिथं धोतरजोडी कबूल केली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, आता माझाही लावा.

मुलींचा कौल स्थळासाठी लावतात, असं गुरव म्हणाला. अप्पा त्या दिवशी खुशीत होते. लाव बाबा, म्हणाले, उजवी पडली तर बीजगणित, डावी पडली तर शिवण, आणि मग पुन्हा तोंड उघडायचं नाही. गुरवानं पाकळ्या चांगल्या भिजवून लावल्या. त्या पडेपर्यंत थांबायला वेळ कुणाला? पुरुष बाहेर पेढे वाटायला गेले, गुरव त्यांच्या मागोमाग. आत उरलो मी आणि अव्वा.

किती तरी वेळ काही हललं नाही. मग पाकळी पडली, डावी. मी पाहिली, अव्वानंही पाहिली. मला रडू फुटलं.

अव्वा अप्पांसमोर कधी मान वर करून बोलली नव्हती. ती पुढं झाली, पडलेली पाकळी उचलून देवीच्या डाव्या खांद्यावर पुन्हा चिकटवली आणि उजवी काढून खाली टाकली. अप्पा आत आले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "उजवी पडली की. मी बघितलं."

अप्पांचं तोंड एवढंसं झालं, पण शब्द देवीपुढं दिलेला. सही करावीच लागली.

भाऊ मॅट्रिकला चारदा आपटून आडतीवर बसला. तिथं हमाल त्याला साहेब म्हणत, तेव्हा त्याचा कौलही वाया गेला असं कुणी म्हणू नये. मी डॉक्टर झाले. अव्वानं मात्र कौल लावला त्याच आठवड्यापासून मंगळवारचा उपास धरला होता. माझा दवाखाना निघाला तरी तो सुटला नाही. तिच्या शेवटच्या दुखण्यात मी तिच्यावर चिडले. आता पुरे, दोन घास खा, हे डॉक्टर म्हणून सांगतेय, म्हटलं.

"देवीनं तुला न्हाई म्हटलं हुतं, बाळ," ती म्हणाली. "तिला रागवायचंच असंल तर माझ्यावर रागवू दे की."